धुराचा पत्ता विचारणारे साळवी चीफ

काशीमीऱ्याच्या चौकात ट्रकांच्या रांगेमुळे माणसाला फलक वाचण्याइतका वेळ सक्तीने मिळतो. तेथे अलीकडे एक भला मोठा जाहिरातफलक लागला आहे. त्यावर निळ्या समुद्रात एक पांढरे जहाज असून खाली लिहिले आहे : ‘शून्य धूर. स्वच्छ सागर.’ जाहिरात कोणत्या कंपनीची ते मी येथे लिहीत नाही, कारण तिच्याशी माझा पत्रव्यवहार चालू आहे. अचूक सांगायचे तर, माझ्या बाजूने चालू आहे. पहिल्या पत्रात मी विचारले की, ‘शून्य’ या शब्दाला आधार काय, मोजमाप कोठून कोठपर्यंत केले आणि ते कोणी केले. दुसऱ्या पत्रात पहिल्याचे स्मरण करून दिले. तिसरे पत्र लिहिताना संतापाच्या भरात माझ्या हातून एक वाक्य उतरले : ‘धूर कुठे गेला, एवढेच कृपया कळवावे.’ ते वाचून मी थांबलो. इतके आखूड वाक्य माझे नव्हे. ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या साळवी चीफचे होते.

मधुकर साळवी मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांचे आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनघरांत गेले. चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि भाईंदरला आमच्या सोसायटीत राहायला आले, तेव्हापासून वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना ‘चीफ’ म्हणत. निवृत्त माणसाने जे करायचे असते ते त्यांनी काही केले नाही. जहाजांच्या नव्या इंधनांची पारख करणाऱ्या एका संस्थेने त्यांचे नाव आपल्या परीक्षकांत घातले होते. जहाजे आजवर डांबरासारखे काळे तेल जाळत आली. त्याऐवजी कमी कार्बनचे म्हणून आता जे जे पुढे केले जाते, ते खरोखर तसे आहे का, हे जहाजाच्या चिमणीपाशी नव्हे तर त्या इंधनाच्या जन्मापासून तपासायचे, असे ते काम होते. मी स्वतः एका विमा कंपनीच्या विधी विभागात नोकरी केली. मी वकील नाही. ही गोष्ट मी चीफना वारंवार स्पष्ट केली, पण ते मला शेवटपर्यंत ‘वकीलसाहेब’च म्हणत राहिले.

इंजिनघराने त्यांच्या शरीरावर काही खुणा ठेवल्या होत्या. ते चारचौघांत बोलत तेही पलीकडे यंत्र धडधडत असल्यासारखे. बंद दार, भिंत, पाण्याचा पाइप, कशावरही ते आधी तळवा ठेवत आणि मग बोलू लागत. हातात आलेली वस्तू उलटी करून तिचा तळ पाहत. लग्नात मिळालेला स्टीलचा डबाही त्यांनी यजमानासमोरच उलटा केला होता. डावा कान जवळजवळ निकामी होता. समोरच्याच्या बोलण्यात तथ्य असले की ते उजवा कान पुढे करत, आणि युक्तिवाद कमकुवत झाला की मान अशी वळवत की समोर डावा कान यावा. डावा कान आला म्हणजे आपण हरलो, हे मला उशिरा कळले. तोवर त्या कानात मी पुष्कळ कायदा ओतला होता.

त्यांची माझी पहिली नीट गाठ सोसायटीच्या वार्षिक सभेत पडली. सेक्रेटरी शहाभाई हे उत्साही गृहस्थ. पार्किंगमध्ये विजेच्या स्कूटरसाठी चार्जिंगची सोय करावी असा ठराव त्यांनी मांडला आणि म्हणाले, “एकदम झीरो पोल्युशन. धुआँच नाय. बोला, कोणाला ऑब्जेक्शन?”

ठरावाची सूचना विहित मुदतीत दिली गेली नव्हती, म्हणून मला होते. परंतु माझ्या आधी मागच्या रांगेतून आवाज आला, “धूर कुठे गेला?”

“चीफ, धुआँ आहेच नाय ना. इलेक्ट्रिक हाय.”

“इथे नाही, मान्य. वीज कुठून येते? तिथे आहे. तिथे किती आहे ते सांगा, मी मत देतो.”

“अरे पण आपल्या बिल्डिंगमध्ये तर नाय ना?”

“शहाभाई, माझ्या घरच्या कमोडमध्येपण घाण नसते. टाकी दाबली की झालं. म्हणून ती जगात नसते का?”

सभा हसली. शहाभाईंनी ठराव पुढे ढकलला. मला वाटले, विघ्नसंतोषी दिसतो, म्हणजे आपल्यातला. पण पुढच्या सभेत चीफ उभे राहिले आणि त्यांनी त्याच ठरावाला अनुमोदन दिले. वीज कोळशाची धरली, तारांतून वाटेत वाया जाते ती धरली, बॅटरी बनवण्यात जे जळते तेही धरले; आणि एवढे करूनही हिशेब पेट्रोलपेक्षा बरा निघतो, असे त्यांनी सांगितले. “शून्य नाही. कमी आहे. कमी असं लिहा, मी सही करतो.” ठरावातला ‘शून्य’ हा शब्द खोडला गेला, तेव्हाच ते खाली बसले.

घरी त्यांच्या या स्वभावाचा ताप मालतीवहिनींना होत असे. त्या एकदा मला म्हणाल्या, “यांना कोथिंबीर आणायला पाठवू नये. शेत बघून येतील.” चीफनी बाजूला बसून मान डोलावली, जणू सूचना विचारार्ह होती.

त्यांच्याकडे दुपारी चहाला गेलो की बोलणे शेवटी इंधनांवरच येई. एकदा मी विचारले, “एवढी नावे ऐकतो. यातले चांगले इंधन कोणते, ते एकदा सांगून टाका.”

“प्रश्न चुकला,” ते म्हणाले. “मिथेनॉल चांगलं का वाईट, असं नसतं. मिथेनॉल कुणाच्या घरचं, ते विचारायचं. कोळशापासून केलं, तर जहाजाचा धूर जमिनीवर ठेवून जहाज निघालं, एवढंच झालं.”

“अमोनिया?”

“त्यात कार्बन नाहीच. जाहिरातीला उत्तम. पण तो बनवायला वीज कुठली घेतली? आणि इंजिनघरात गळला तर खाली काम करणारी पोरं वर येत नाहीत. तेपण मोजायचं की नाही?”

“आणि तो नैसर्गिक वायू, थंड करून भरतात तो?”

“जळला तर बरा. न जळता निसटला तर धूर परवडला.”

“म्हणजे सगळेच वाईट.”

“असं मी कुठे म्हटलं? तुम्ही कोर्टातून आलात, म्हणून तुम्हाला दोनच निकाल दिसतात.”

मी न्यायालयातून नव्हे, विमा कंपनीतून आलो आहे, असे सांगू लागलो. डावा कान.

वापरलेल्या खाद्यतेलापासून बनवलेल्या इंधनाबद्दल मात्र ते मऊ होत. “त्या तेलाने आपलं काम आधीच केलेलं असतं. त्याच्यासाठी नव्याने रान तोडायला लागत नाही. म्हणून ते मला आवडतं.” मग चहाचा पेला उलटा करून तळ बघत म्हणत, “आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास नाही.”

कारण उघड होते. जळक्या तेलाला ताज्याहून जास्त मागणी आली की कोणीतरी ताजे पामतेल नुसते तापवून जळके म्हणून विकणार. मग कोठेतरी जंगल तुटते, त्याचे तेल येथे काळे केले जाते आणि जहाजाला हिरवी पताका लागते. अशा फसवणुकींमुळे त्यांच्या संस्थेचा नियम कडक होता : तेल हॉटेलाच्या मागच्या दारापासून तपासायचे आणि ते खरोखर तळणीतून आले, हे विकणाऱ्याने दाखवायचे.

रेजिनाचा अर्ज आला तो याच नियमाखाली.

रेजिना पाली गावची. तिच्या सासूकडून साळव्यांच्या घरी रविवारची मासळी येई आणि ती पोचवायला बहुधा रेजिनाच येई. नवऱ्याची बोट विकावी लागल्यावर तो दुसऱ्याच्या बोटीवर जाऊ लागला आणि हिने एक जुना टेम्पो घेऊन काशीमीऱ्याच्या हमरस्त्यावरच्या हॉटेलांतून जळके तेल गोळा करायला सुरुवात केली. टेम्पो ती स्वतः चालवी. डोंगरीला रस्त्याच्या कडेला तिची पत्र्याची शेड होती. गावातल्या दोन बायका तेथे कामाला होत्या. आजवर तेल साबणवाल्यांकडे जाई आणि त्यात काही राहत नसे. आता जहाजांचे इंधन बनवणारा एक कारखाना तिचे सगळे तेल कायमचे घ्यायला तयार होता, मात्र परीक्षकाने ते खरे जळके तेल असल्याचे लिहून द्यायला हवे होते. तसे झाले नाही तर टेम्पो विकून हा धंदा बंद करायचा, असे तिच्या घरात ठरले होते. हे तिने वहिनींना सांगितले होते आणि वहिनींनी मला.

परीक्षक म्हणून नाव आले साळवींचे. मी तत्काळ त्यांना म्हटले, “आपण तिच्या घरची मासळी घेता. हा हितसंबंध आहे. आपण तो लेखी उघड केला पाहिजे.”

त्यांनी उजवा कान पुढे केला. त्याच दिवशी त्यांनी संस्थेला कळवले : ‘अर्जदाराच्या सासूकडून मी मासळी विकत घेतो. मासळी ताजी असते.’ संस्थेने हरकत नसल्याचे कळवले. दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती, हे माझे मत मी नोंदवले.

पाहणीच्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतले. गलबल्यात त्यांना ऐकू येत नसे, आणि दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकणारा तिसरा माणूस असावा असे त्यांना वाटे. आम्ही रिक्षाने डोंगरीला पोचलो. शेडसमोरचे अंगण झाडून त्यावर पाणी मारले होते. दोन्ही बायका नव्या साड्या नेसून उभ्या होत्या. आत पिंपे एका ओळीत लावली होती, राख लावून घासलेली. त्यांच्या पत्र्यावर आमची तोंडे दिसत होती. प्रत्येक पिंपावर धुतलेले पांढरे फडके. एका स्टुलावर सरबताचे पेले झाकून ठेवले होते.

“या, चीफअंकल. या, वकीलअंकल,” रेजिना म्हणाली. “बघा, कसा ठेवलाय.”

चीफनी फडके बाजूला केले, काचेची लांब नळी पिंपाच्या तळापर्यंत सोडली आणि वर काढून उजेडात धरली. तेल मधासारखे सोनेरी आणि नितळ होते. मला ते पाहून समाधान वाटले. चीफनी दुसऱ्या पिंपात नळी सोडली. तिसऱ्यात सोडली. मग त्यांनी विचारले, “गाळ कुठे आहे?”

“काढला ना. धा वेळा गाळला. आईच्या जुन्या लुगड्याची चार पदरी घडी करून.”

“काढलेला गाळ कुठे आहे?”

“खड्डा खणून पुरला. वास मारत होता. तुमी येनार, नि वास येवा?”

“हॉटेलातून जसं आलं तसं, न गाळलेलं, एखादं तरी पिंप?”

“एकपन न्हाय,” रेजिना अभिमानाने म्हणाली. “सगला साफ. पानी होता त्यात, म्हनून कढवून आटवला. दोन दिस चूल पेटत होती. इचारा हिला.”

बाजूच्या बाईने होकारार्थी मान हलवली. चीफनी नळी पुसली. एक रिकामे पिंप आडवे करून ते त्यावर बसले. बायकांनी सरबत पुढे केले. त्यांनी पेला घेतला, पण उलटाही केला नाही आणि ओठालाही लावला नाही.

“रेजिना,” ते म्हणाले, आणि इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकले, “तळणीतून आलेल्या तेलात बेसन असतं. मिरचीची सालं असतात. कढीपत्ता, माशाचं खवलं, काय वाटेल ते. ते बघून मी म्हणतो की हे तळणीतून आलं. तेच तू पुरलंस.”

“मग टेस्टला न्या. लॅब सांगल.”

“लॅब सांगेल की हे तेल तापलेलं आहे. ते तर तू इथे दोन दिवस तापवलंस. कढईत तापलं की तुझ्या चुलीवर, ते लॅबला कळत नाही.”

रेजिनाचा चेहरा हळूहळू बदलला. “म्हंजे काय? घान दाखवायला पायजे होती?”

“हो.”

“सायब येनार म्हनून घान कोन दाखवतं?” ती म्हणाली. “आमच्याकडं फादर यायचे असले तरी आमी घर धुतो.”

चीफनी भरलेला पेला परत स्टुलावर ठेवला.

परतीच्या रिक्षात मी गप्प राहू शकलो नाही. मी म्हटले, “आपल्याला तिच्याबद्दल पूर्ण माहिती आहे. तिचा टेम्पो हॉटेलांच्या मागे उभा असलेला आपण डोळ्यांनी पाहिला आहे.”

“पाहिलाय.”

“ती लबाडी करणार नाही, हे आपण मानता.”

“मानतो.”

“तर मग संशयाचा फायदा तिला द्या. हे साधे न्यायतत्त्व आहे.”

चीफनी माझ्याकडे वळून पाहिले. उजवा कान माझ्या बाजूला होता. “संशयाचा फायदा आरोपीला देतात, वकीलसाहेब. रेजिनावर कुणी आरोप केलेला नाही. ती दावा करते आहे. तेल म्हणतं, मी स्वच्छ आहे. दावा करणाऱ्याने शाबीत करायचं, हे तुमच्याच कायद्यात आहे ना?”

आहे. तसेच आहे. रिक्षा हिसका देऊन वळली आणि मी समोरची दांडी घट्ट पकडली.

त्यांनी अहवाल पाठवला : ‘सिद्ध झाले नाही.’ खोटे आहे असे नाही, खरे आहे असेही नाही. नव्या पुराव्यासह पुन्हा अर्ज घ्यावा, आणि तो पाहण्यासाठी दुसरा परीक्षक नेमावा, कारण आपण आता तटस्थ राहिलेलो नाही, असेही त्यांनी त्यात लिहिले.

मी संतापलो. मी त्यांना सविस्तर, मुद्देवार पत्र लिहिले आणि एक मजला उतरून त्यांच्या दारात दिले. पोच मागितली, ती त्यांनी दिली. त्यात मी नियमाचे शब्द आणि नियमाचा हेतू यांतला फरक मांडला होता. नियम बड्या लबाडांसाठी आहे आणि तो एका प्रामाणिक बाईच्या गळ्यात अडकवला जात आहे, हे लिहिले होते. तिसरा मुद्दा असा होता की आपण निष्ठुर आहात. दुसऱ्या दिवशी जिन्यात ते मला भेटले.

“तुमचा तिसरा मुद्दा बरोबर आहे,” ते म्हणाले.

“मग अहवाल बदला.”

“तिसरा मुद्दा तेलाबद्दल नाही. माझ्याबद्दल आहे.”

वहिनी त्यांच्याशी किती दिवस बोलल्या नाहीत, ते मला ठाऊक नाही; पण त्या काळात त्यांचा चहा ते स्वतः करत आणि तो पिण्याजोगा नसे. रविवारची मासळी बंद झाली. पुन्हा अर्ज करायची वाट मोकळी होती, म्हणून टेम्पो विकायचे रेजिनाच्या घरी तेवढे लांबले. एकदा रेजिना सोसायटीच्या फाटकाशी दुसऱ्या कोणाची तरी मासळी द्यायला आली असता चीफ समोर आले. ती वॉचमनच्या देखत म्हणाली, “तुमी माझ्या सासूच्या हातचा खाल्लाय ना, चीफअंकल? वीस रविवार तुमची मच्छी मी आनली. तवा इचारलाव काय, कुठनं आली, कुनी धरली?”

“विचारलं होतं,” चीफ म्हणाले. “बोटीचं नाव सांगितलं होतंस तू.”

वॉचमनला हसू आले. रेजिनाला आले नाही. पण ती निघून जाताना थांबली, एवढे मी खिडकीतून पाहिले.

त्यानंतरच्या आठवड्यात चीफ लाकडी खोक्यात रिकाम्या बाटल्या भरून, रिक्षाने डोंगरीला गेले. संस्थेचे काम आता त्यांच्याकडे नव्हते, म्हणून मदत करायला ते मोकळे होते; आणि हे आधी संस्थेला कळवा, असे मी त्यांना सुचवले, तेव्हा ते कळवून झाले असल्याचे त्यांनी सांगितले. पुढे काय झाले ते मला वहिनींनी सांगितले. रेजिनाने त्यांना शेडबाहेर बराच वेळ उभे ठेवले. मग टेम्पोचे दार उघडून म्हणाली, “बसा. पन बोलू नका.”

त्यांची कल्पना सोपी होती. प्रत्येक हॉटेलाच्या मागच्या दारी, तेल टेम्पोत ओतण्यापूर्वी एक बाटली भरायची, जशी असेल तशी, घाणीसकट. तिला सील लावायचे आणि हॉटेलच्या माणसाची सही घ्यायची. पुढचा परीक्षक येईल तेव्हा त्याने बाटलीतला गाळ आणि पिंपातले तेल शेजारी ठेवून पाहावे. रेजिनाने गाळायचे ते खुशाल गाळावे.

पण तेथेही एक घोळ झाला. पांढरा सदरा घातलेला, केस पिकलेला, हातात बाटल्या घेतलेला माणूस मागच्या दारी आला की स्वयंपाकघरात धावपळ होई. एका हॉटेलच्या मॅनेजरने रेजिनाला बाजूला घेऊन विचारले, “मॅडम, ये अंकल फूड डिपार्टमेंट से हैं क्या? पहले बता देतीं ना.” तळणारे आचारी घाबरले आणि तेल काळे होण्याआधीच टाकू लागले. बाटल्यांत आठवड्यागणिक फिके तेल येऊ लागले. रेजिना खूश झाली, कारण तेल जास्त मिळू लागले. चीफ खिन्न झाले.

“मोजायला गेलो आणि मापच बिघडवून आलो,” ते मला म्हणाले. “माझ्यामुळे ते चांगलं तेल फेकतायत. म्हणजे तेवढं नवीन तेल घेतायत. म्हणजे कुठेतरी—” त्यांनी पेला उलटा केला.

त्या दिवसापासून ते हॉटेलाच्या दारी गेले नाहीत. रेजिना आत जाई. ते टेम्पोतच बसून राहत, मांडीवर बाटल्यांचे खोके घेऊन. बाटल्यांतले तेल पुन्हा काळे होऊ लागले. रेजिनाचे आणि वहिनींचे मौन केव्हा सुटले ते मला कळले नाही, पण एका रविवारी जिन्यात मला सुरमई तळल्याचा वास आला आणि वहिनी चहा घेऊन दारात उभ्या दिसल्या.

नवी पाहणी झाली ती बघायला चीफ नव्हते. तिच्या थोडे आधी, एका सकाळी, दाढी करताना ते बेसिनपाशी खाली बसले आणि उठले नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितले. मी अंत्यविधीस हजर होतो. रेजिना आणि तिच्या शेडमधल्या दोन्ही बायका टेम्पोने आल्या होत्या. तो त्यांनी रस्त्यापलीकडे लावला होता.

पाहणीला आलेली परीक्षक तरुण बाई होती. रेजिनाने या वेळी अंगण झाडले नव्हते, असे तिनेच मला मागाहून सांगितले. हात धरून बसावे लागले, म्हणाली, झाडू घ्यायला हात शिवशिवत होते. बाईने बाटल्यांची सीले फोडली, गाळ काढून पाहिला, हॉटेलांना स्वतः जाऊन भेटली. तेल मान्य झाले. कारखान्याचा करार झाला. शेडला आता दुसरी शेड जोडली आहे.

मान्यतापत्र दाखवायला रेजिना माझ्याकडे आली होती, कायद्याने सगळे ठीक आहे ना, हे विचारायला. ठीक होते. फक्त तेलाच्या स्वच्छतेतून थोडासा भाग वजा केलेला होता, टेम्पोच्या डिझेलपोटी.

“आपल्याच टेम्पोचा धूर पकडला बघा, वकीलअंकल,” ती म्हणाली.

“तो त्या परीक्षक बाईंना कोणी दाखवला?”

“मीच. चीफअंकलनी सांगून ठेवलेला. बोलले, बाई आली की पहिला टेम्पोचा धूर सांग, मंग तेलाचा. आपलीच घान आपन पहिली सांगायची.” मग थोडे थांबून म्हणाली, “मी इचारला, का? तर दुसरा कान फिरवला.”

चीफना दिलेले पत्र मी मागे घेतलेले नाही. नियमाचा हेतू आणि नियमाचे शब्द यांबद्दलचे माझे मत आजही तेच आहे, आणि ते हयात असते तर मी ते पुन्हा लेखी दिले असते. त्या फलकाच्या कंपनीला चौथे पत्र गेले आहे. त्यात आता फक्त एकच वाक्य आहे, आणि ते कोणाचे आहे हे मी पत्रात लिहिलेले नाही.

मी चीफना हिंडतेफिरते शेवटचे पाहिले ते काशीमीऱ्याला. मी रिक्षातून उतरत होतो. भाड्यावरून चालकाशी वाद चालू होता. ट्रकांच्या रांगेत रेजिनाचा टेम्पो अडकलेला दिसला. स्टिअरिंगवर ती, आणि तिच्या शेजारी चीफ, मांडीवर खोके. त्यांनी मला पाहिले नाही, कारण ते पुढे पाहतच नव्हते. खिडकीतून डोके बाहेर काढून, मान मागे वळवून, ते टेम्पोच्या मागच्या चाकाकडे वाकून बघत होते.

“चीफअंकल, मुंडी आत घ्या,” रेजिना ओरडली. “ट्रक घेऊन जाईल.”

तिच्याकडे नेमका डावा कान होता. ते हलले नाहीत. पुढची रांग सरकली, टेम्पोने आचका देऊन वेग घेतला आणि मागून काळ्या धुराचा एक भपका बाहेर पडला. चीफ त्याच्याकडे बघत राहिले. आणि मग, रस्त्यात ओळखीचे माणूस दिसल्यावर हलवावी, तशी त्यांनी मान हलवली.